पाहुणं पिल्लू आणि घरची मोठी कुत्री

कायमचं घर मिळेपर्यंत एखाद्या पिल्लाला काही आठवडे आपल्याकडे सांभाळायचं, म्हणजेच फॉस्टर करायचं, असं ठरवलेल्या वाचकांचे हे प्रश्न आहेत. प्रत्येकाच्या घरात आधीपासून मोठी कुत्री आहेत आणि ती या नव्या पाहुण्याला कसं घेतील याची काळजी सगळ्यांनाच आहे. आमचा भर एकाच गोष्टीवर आहे: घरच्या कुत्र्याला पिल्लापासून दूर निघून जायची वाट कायम मोकळी ठेवा. ती असली की बहुतेक कुत्री स्वतःहून समंजसपणे वागतात. ती बंद झाली की शांत कुत्रंही दात दाखवतं.

प्रश्न: येत्या रविवारी आमच्याकडे अंदाजे ८ आठवड्यांचं पिल्लू येणार आहे. ते रस्त्यावर एकटंच सापडलं, आईचा पत्ता नाही. आमच्याकडे ६ वर्षांची मादी आणि ३ वर्षांचा नर आहे आणि दोघांच्या लसी वेळेवर झाल्या आहेत. पिल्लाची आणि यांची भेट दारातच घालून द्यावी की घरात आणल्यावर?

पहिले १४ दिवस भेट नकोच. पूर्वेतिहास माहीत नसलेल्या पिल्लाला आधी वेगळ्या खोलीत ठेवायचं. त्याला कारण आहे. पार्व्हो या आतड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लागण झालेलं पिल्लू सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसतं. लक्षणं साधारण ३ ते ७ दिवसांत, क्वचित १४ दिवसांपर्यंत दिसू लागतात: आधी मरगळ, खाणं बंद, मग उलट्या आणि दुर्गंधी येणारे, बहुतेकदा रक्ताळलेले जुलाब. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लक्षणं दिसायला एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्यात ताप येतो, डोळ्यानाकातून चिकट स्राव येतो आणि खोकला होतो. तुमच्या मोठ्या कुत्र्यांना लसीमुळे या दोन्ही रोगांपासून चांगलं संरक्षण आहे. पण गोलकृमी, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी), पिसवा, खरूज आणि त्वचेवरची बुरशी यांच्यावर त्या लसी चालत नाहीत. यातली खरूज आणि बुरशी तर माणसांनाही होते.

पिल्लू घरात घेण्याआधी थेट डॉक्टरांकडे न्या. वजन, ताप, त्वचा, कान आणि मलाची तपासणी एवढं पहिल्याच भेटीत व्हायला हवं. या वयाच्या पिल्लाच्या पोटात जंत असणार असंच धरून चाला, कारण गोलकृमीच्या अळ्या आईच्या शरीरातून गर्भातच पिल्लात उतरतात आणि पुढे दुधातूनही जातात. म्हणूनच जंताचं औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी द्यायची पद्धत आहे. तुमच्या पिल्लाला आधी काहीच मिळालेलं नसणार, तेव्हा पहिला डोस त्याच दिवशी आणि पुढचा डॉक्टर सांगतील तेव्हा द्या. पिसवा-गोचिडांचं मोठ्या कुत्र्याचं औषध अर्धं करून पिल्लाला कधीही देऊ नका. त्या औषधांना वजनाची आणि वयाची किमान मर्यादा असते. लसीकरण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतं आणि दर २ ते ४ आठवड्यांनी, वयाचे १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीचा परिणाम होऊ देत नाही आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून एका डोसवर भागत नाही.

खोली अशी निवडा जिची फरशी धुता येते. गालिचे, उशा, कापडी खुर्च्या आधीच बाहेर काढा. पिल्लाची भांडी, अंथरूण, पुसायचं फडकं, सगळं वेगळं ठेवा. रोज घरच्या कुत्र्यांचं खाणं-फिरणं आधी उरकून घ्या आणि मग पिल्लाच्या खोलीत जा. तिथे घालायची चप्पल आणि एक जुना शर्ट दाराच्या आतच ठेवा आणि बाहेर पडताना हात साबणाने नीट धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने पार्व्होचा विषाणू मरत नाही.

त्याच्यावर ब्लीच चालतं, पण वापरायची रीत चुकली तर उपयोग शून्य. आधी शी-शू उचलून जागा साबण-पाण्याने स्वच्छ धुवायची, कारण घाण राहिली तर ब्लीच तिच्यातच संपून जातं. शिवाय लघवीत अमोनिया असतो आणि तो ब्लीचमध्ये मिसळला की घातक वायू तयार होतो. मग साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३० भाग असं मिश्रण ओतून फरशी पूर्ण १० मिनिटं ओली ठेवायची आणि नंतर साध्या पाण्याने धुवायची. मिश्रण रोज ताजं करा. त्यात दुसरं कुठलंही क्लीनर घालू नका आणि पिल्लाला त्या वेळी पिंजऱ्यात किंवा दुसरीकडे बंद ठेवा. पिल्लाची शी-शू खोलीतच, कागदावर होऊ द्या. अंगणात नको. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि माती ब्लीचने धुता येत नाही.

या १४ दिवसांत पिल्लाला कुत्र्यांपासून लांब ठेवायचं आहे, माणसांपासून नाही. जग ओळखायला शिकण्याचा त्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून १२-१४ आठवड्यांपर्यंतच असतो आणि तुमचं पिल्लू त्याच्या ऐन मध्यात आहे. दिवसातून पाच-सहा वेळा त्याच्याजवळ जमिनीवर बसा. मिक्सरचा, दाराच्या बेलचा आवाज लांबून ऐकू द्या. रबरी चटई, पुठ्ठा, टाइल अशा वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चालू द्या. पंजे, कान, तोंड हाताळायची सवय लावा.

वासाची ओळख म्हणून पिल्लाच्या अंगावर फिरवलेलं फडकं घरच्या कुत्र्यांना हुंगायला द्यावं असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चांगला आहे, पण पहिल्या आठवड्यात तो पाळू नका. त्या फडक्यावरून पिसवा आणि बुरशी दोन्ही घरभर जातील. डॉक्टरांनी त्वचा आणि मल स्वच्छ असल्याचं सांगितल्यावर दुसऱ्या आठवड्यात हे करा. फडकं कुत्र्याच्या अंथरुणावर किंवा भांड्याजवळ ठेवू नका. मोकळ्या जागेत ठेवा म्हणजे त्याला हुंगून निघून जाता येईल.

प्रश्न: वेगळं ठेवण्याचे दिवस संपत आले. पहिली भेट नेमकी कशी घडवायची? आमचा विचार असा की पिल्लाला मांडीवर घेऊन बसावं आणि कुत्र्याला जवळ बोलावून हुंगू द्यावं.

मांडीवर मुळीच नको. उचललेल्या पिल्लाकडे मोठं कुत्रं उडी मारून पोचतं, पिल्लाला मागे सरायला जागा नसते आणि चावाचावी झालीच तर मध्ये तुमचा हात आणि चेहरा असतो. शिवाय काही कुत्री मालकाच्या मांडीची राखण करतात. पिल्लू जमिनीवरच असू द्या.

सुरुवात जाळीच्या गेटपासून करा. लहान मुलांसाठी दारात बसवतात ते गेट चालेल, फक्त गजांमधून पिल्लाचं डोकं जाणार नाही आणि मोठं कुत्रं ते ओलांडणार नाही याची खात्री करा. ते भिंतीला घट्ट बसलेलं हवं. नुसतं टेकवलेलं गेट मोठ्या कुत्र्याने पंजा मारला की पिल्लाच्या अंगावर पडतं. एका वेळी एकच मोठं कुत्रं आणा आणि जे स्वभावाने शांत आहे ते आधी. माणसं दोन हवीत, प्रत्येक बाजूला एक.

मोठ्या कुत्र्याला आधी ३०-४० मिनिटं फिरवून आणा. पिल्लू झोपून उठलेलं, शी-शू झालेलं आणि पोटभर खाल्लेलं असावं. कुत्र्याला सैल पट्ट्याने गेटपासून ३ मीटरवर उभं करा. त्याने पिल्लाकडे पाहिलं की खाऊचा छोटा तुकडा द्या, नजर वळवली की आणखी एक द्या. जवळ नेताना सरळ रेषेत नेऊ नका. वळण घेत, बाजूने न्या, कारण समोरून सरळ चालून येणं कुत्र्यांमध्ये उद्धटपणाचं मानलं जातं. एक भेट ३ ते ५ मिनिटांची, दिवसातून तीनदा, असे तीन-चार दिवस चालू द्या.

गेट कधी उघडायचं? कुत्रं पिल्लाला पाहून हुंगतं, मग दुसरीकडे बघतं, आळस देतं, आडवं होतं, खाऊ नेहमीसारखा हळुवार घेतं, तेव्हा. तोंड मिटून, अंग ताठ करून, नाक गजांना लावून एकटक बघत राहणारं कुत्रं तयार नाही. गेटपाशी कुंईकुंई करत थरथरणारं कुत्रंही तयार नाही. घरच्यांना ते प्रेम वाटतं, पण ती अनावर उत्तेजना असते आणि ती पुढे कुठे वळेल ते सांगता येत नाही. अशा वेळी अंतर वाढवा आणि आणखी काही दिवस गेटवरच घालवा.

प्रत्यक्ष भेटीसाठी घरातली सर्वांत मोकळी खोली घ्या. खेळणी, चघळायच्या वस्तू, भांडी, कुत्र्याचं अंथरूण, सगळं उचला. पिल्लाला लपायला मोठ्या कुत्र्याला शिरता येणार नाही इतक्या बुटक्या टेबलाखालची जागा किंवा आडवा खोका ठेवा. मोठ्या कुत्र्याला चढून बसायला सोफा आणि निघून जायला उघडं दार असू द्या. कुत्र्याला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून साधारण २ मीटरची हलकी दोरी मागे लोळू द्या, हातात ओढून धरू नका. पट्टा ताणला की कुत्र्याची छाती वर उचलली जाते आणि अंग ताठ दिसतं. पिल्लाला ती धमकी वाटते आणि कुत्र्यालाही मान वळवून तणाव कमी करता येत नाही. दोरीच्या टोकाला फास किंवा हातपकड नसावी, ती फर्निचरमध्ये अडकते.

कुत्र्याला ३ सेकंद हुंगू द्या, आनंदी आवाजात हाक मारून परत बोलवा, खाऊ द्या, पुन्हा सोडा. तीन-चार वेळा हेच. पहिली भेट ५ मिनिटांत संपवा आणि सगळं छान चाललेलं असतानाच संपवा. लोक इथेच चुकतात. दोघं खेळायला लागली की बघत बसतात, पिल्लू दमून चिडचिडं होतं आणि विसाव्या मिनिटाला पहिलं भांडण होतं.

पुढचे किमान चार आठवडे दोघांना नजरेआड एकत्र ठेवू नका. मोठं कुत्रं वजनाने पिल्लाच्या दहापट असू शकतं. खेळताना टाकलेल्या एका पंजानेही पिल्लाचा पाय मोडू शकतो.

प्रश्न: आमची मादी एरवी फार प्रेमळ आहे. पण पिल्लू तिच्या शेपटीला लोंबकळलं की ती गुरगुरते. काल तर तिने पिल्लाच्या तोंडासमोर हवेत कचकन दात वाजवले. पिल्लू केकाटत पळालं आणि आम्ही तिला ओरडलो. ती त्याला इजा करेल का?

तुमच्या वर्णनावरून मादी बरोबर वागली आहे. तिला ओरडणं मात्र आजपासून बंद करा.

मोठं कुत्रं आपली नापसंती पायरीपायरीने सांगतं. आधी ओठ चाटतं, जांभई देतं, मान फिरवतं. मग उठून दूर जातं. तरी पिल्लू मागे आलं तर अंग आखडतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. पुढे ओठ वर उचलतं, गुरगुरतं, हवेत दात वाजवतं. त्यानंतरची पायरी चाव्याची. गुरगुरण्याबद्दल शिक्षा मिळत गेली की कुत्रं गुरगुरणं सोडतं. त्याचा राग तसाच राहतो, फक्त मधली पायरी गळते. मग एक दिवस ‘काही न सांगता अचानक चावलं’ असं सगळे म्हणतात.

पिल्लाला ही शिकवण लागतेच, आणि ८ आठवड्यांआधीच भावंडांपासून तुटलेल्या पिल्लाला तर जास्तच. आपल्या टोकदार दुधाच्या दातांनी दुखतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. चांगली समज कशी ओळखायची ते बघा. ती क्षणभराची असते. तिचा आवाज मोठा पण स्पर्श हलका असतो आणि अंगावर जखम नसते. पिल्लू मागे सरलं किंवा पाठीवर लोळलं की मोठं कुत्रं तिथेच थांबतं. दोनेक मिनिटांत पिल्लू पुन्हा खेळायला येतं, पण या वेळी जरा अदबीने. कधी मादी पिल्लाचं तोंड आपल्या जबड्यात अलगद धरून क्षणभर खाली दाबते. दिसायला भयंकर असलं तरी दात रुतत नसतील तर तेही याच प्रकारात मोडतं.

काळजीचं दृश्य वेगळं असतं. पिल्लू शरण गेलं तरी कुत्रं थांबत नाही, त्याच्या मागे जाऊन पुन्हा दाबतं. पकड काही सेकंद टिकते किंवा झटका देऊन हलवलं जातं. पिल्लाच्या अंगावर दाताची खूण किंवा रक्त दिसतं. पिल्लू नुसतं खोलीत आलं तरी कुत्रं लांबूनच रोखून बघायला लागतं. पिल्लू नंतर तासभर कोपऱ्यातून बाहेर येत नाही. यातलं काहीही दिसलं तर दोघांना लगेच वेगळं करा, पुन्हा गेटवर जा आणि कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या व्यक्तीला बोलवा.

लहान पिल्लाला मोठी कुत्री काही करत नाहीत, ही समजूत अर्धीच खरी आहे. बरीच प्रौढ कुत्री ४-५ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला सूट देतात, पण परक्या पिल्लाला ती मिळेलच असा नियम नाही. आणि पिल्लू मोठं होऊ लागलं की सूट झपाट्याने संपते. ३ महिन्यांच्या पिल्लाचं जे ती सोसत होती ते ५ महिन्यांचं झाल्यावर सोसणार नाही.

तुमच्या घरी बदलायचं आहे ते पिल्लाचं वेळापत्रक. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपायला हवं. संध्याकाळी शेपटीला लोंबकळणारं पिल्लू बहुधा झोपेला आलेलं असतं. जागेपणी ४५ मिनिटं ते तासभर झाला की त्याला पेनमध्ये (जाळीच्या छोट्या कुंपणात) किंवा क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) झोपवा. मादीसोबतचा वेळ एका खेपेला १० मिनिटं धरा. तिने मान फिरवली किंवा दूर गेली की पिल्लाला तिच्या मागे जाऊ देऊ नका. हातात खेळणं घेऊन त्याला तुमच्याकडे वळवा, नाही वळलं तर उचलून दोन मिनिटं गेटपलीकडे ठेवा. मान फिरवली की आपली माणसं पुढचं बघून घेतात हे तिला चार-पाच दिवसांत कळेल, आणि मग गुरगुरण्यापर्यंत जायची तिला गरजच वाटणार नाही. जाताजाता एक तपासा: तिची रोजची विश्रांतीची जागा पिल्लाच्या वाटेत तर येत नाही ना? येत असेल तर तिचं अंथरूण आजच हलवा.

प्रश्न: आमचा कुत्रा १२ वर्षांचा आहे, ऐकू कमी येतं आणि मागचे पाय जरा आखडलेले आहेत. फॉस्टरसाठी पिल्लू घेतलं तर त्याला सोबत होईल का?

बहुतेकदा नाही होत. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला अंगावर उडी मारणारं पिल्लू म्हणजे दर वेळी नवी कळ. ऐकू येत नसेल तर झोपेत पिल्लू धडकल्यावर ते दचकून चावू शकतं, तेही पूर्वी कधीच चावलं नसताना. आधी डॉक्टरांकडून सांधेदुखीची तपासणी करून घ्या. वेदनेवर उपचार सुरू झाल्यावर चिडचिड निम्म्याने उतरलेली पुष्कळदा दिसते. माणसांची वेदनाशामक औषधं मात्र देऊ नका, त्यातली अनेक कुत्र्यांना विषारी असतात.

पिल्लू घ्यायचंच असेल तर दोघांची भेट न घडवताही फॉस्टर करता येतं, आणि आमच्या मते तुमच्या घरी तेच योग्य आहे. पिल्लू चार-सहा आठवड्यांनी जाणार आहे. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या जिवाने मैत्री केलीच पाहिजे असं काही नाही. पिल्लू एका खोलीत, कुत्रा बाकीच्या घरात, मध्ये गेट. त्याच्या फिरण्या-जेवणाच्या वेळा आणि तुमच्याजवळ बसायची जागा आहे तशीच ठेवा. घरात गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी चटया टाका, म्हणजे दचकून उठताना त्याचे पाय घसरणार नाहीत.

प्रश्न: पिल्लू आपलं जेवण अर्धवट टाकून मोठ्यांच्या भांड्यात तोंड घालतं आणि मोठी कुत्री पिल्लाचं खातात. परवापासून त्यांचं पोटही बिघडलंय.

पिल्लाच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी जास्त असते. प्रौढ कुत्र्याने ते अचानक भरपूर खाल्लं तर शी पातळ होते. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. पिल्लाकडून जिआर्डिया आला असेल तरी असंच होतं, म्हणून पिल्लासकट सगळ्यांच्याच मलाची तपासणी करा.

खाणं बंद दारामागे वेगवेगळं, फक्त खोलीच्या दोन टोकांना नव्हे. पिल्लाला दिवसातून ३-४ वेळा थोडं थोडं द्यायचं, १५-२० मिनिटांनी उरलेलं उचलायचं. आपल्या भांड्यात तोंड घातलेलं पिल्लू सोसणं ही मोठ्या कुत्र्याकडून अवाजवी अपेक्षा आहे, तिची परीक्षा घेत बसू नका. चघळायच्या वस्तूही एकत्र असताना देऊ नका. पाण्याची भांडी मात्र दोन-तीन ठिकाणी ठेवा, कारण एकच भांडं असलं की त्याचीही राखण सुरू होते.

प्रश्न: मादी एकटी असते तेव्हा पिल्लाशी छान वागते, नरही एकटा छान वागतो. दोघं एकत्र सोडली की पिल्लाच्या मागे धावतात आणि त्याला कोंडीत पकडतात. हे असं का?

दोन कुत्र्यांची उत्तेजना बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. एकाने पळणाऱ्या पिल्लाचा पाठलाग सुरू केला की दुसरं त्यात ओढलं जातं. घाबरलेल्या पिल्लाचं बारीक आवाजात केकाटणं आणि पळणं हे मोठ्या कुत्र्याच्या डोक्यातली शिकारीची कळ दाबू शकतं. खेळ कुठे संपला हे अंगावरून ओळखा. खेळात अंग सैल असतं, उड्या वेड्यावाकड्या असतात, पुढचे पाय पसरून ढुंगण वर करण्याची मुद्रा दिसते, पळणारा आणि पकडणारा यांची अदलाबदल होते. शिकारीत सगळं शांत होतं. डोकं खाली, तोंड बंद, नजर खिळलेली आणि पाठलाग एकाच दिशेने. हे दिसलं तर ‘बघू या’ म्हणू नका, त्याच क्षणी थांबवा.

तिघं एकत्र फक्त तेव्हा, जेव्हा खोलीत दोन मोठी माणसं आहेत आणि मोठ्या दोघांच्या मागे दोरी लोळते आहे. त्यातही आधी तिघांना शांतपणे एकाच दिशेने, २-३ मीटर अंतर ठेवून चालवा. दाराची बेल, पाहुणे, तुमचं बाहेरून येणं या वेळी पिल्लू गेटच्या आत हवं. बऱ्याच झटापटी दारापाशी होतात. लसी पूर्ण होईपर्यंत हे चालणं घरात किंवा परकी कुत्री फिरकत नाहीत अशा जागीच करा.

पिल्लू मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात सापडलंच तर ओढू नका, ओढल्याने मांस फाटतं. मोठा आवाज करा, तोंडावर पाणी मारा, कुत्र्याच्या डोक्यावर जाड चादर टाका. पकड सुटली की मध्ये फळी किंवा उशी सरकवा. गळपट्ट्याकडे हात नेऊ नका. पिल्लाच्या अंगावर दाताचं छोटंसं छिद्र दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कारण लहान छिद्राखाली आतले स्नायू आणि अवयव चिरडलेले असू शकतात. झटापटीत माणसाला चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. पिल्लाचा पूर्वेतिहास माहीत नसताना रेबीजचा धोका गृहीत धरावाच लागतो, पिल्लाच्या कोवळ्या वयाकडे बघून तो सोडून देता येत नाही.

प्रश्न: पिल्लू आता आमच्या कुत्र्याशिवाय क्षणभर राहत नाही, त्याच्याच कुशीत झोपतं. दोन आठवड्यांनी ते दत्तक जाणार आहे आणि त्या घरात दुसरं कुत्रं नाही. तेव्हा काय करावं? आणि लगेच पुढचं पिल्लू घ्यायचा आमचा विचार आहे.

दोन आठवडे पुरेसे आहेत, पण आजपासून सुरुवात करा. पिल्लाची रात्रीची झोप आधी कुत्र्याच्या शेजारी ठेवलेल्या क्रेटमध्ये, मग दर दोन रात्रींनी क्रेट थोडा दूर, शेवटी दुसऱ्या खोलीत. दिवसाही त्याला चाटायला किंवा चघळायला काहीतरी देऊन एकटं ठेवा. पहिल्यांदा एक मिनिट, मग तीन, मग दहा. रडायला लागण्याआधी परत या. रडं थांबायची वाट बघत दाराबाहेर उभं राहिलात तर एकटं राहणं म्हणजे भीती हेच ते शिकेल. दिवसातलं एक खाणं, एक खेळ आणि एक छोटं शिक्षण तुमच्या कुत्र्याच्या नजरेआड होऊ द्या, म्हणजे माणसाकडे बघायची सवय लागेल.

नव्या घरी देताना नेहमीच्या खाण्याचा आठवडाभराचा साठा, न धुतलेलं अंथरूण आणि एक कागद द्या. त्यावर लसी आणि जंताच्या औषधांच्या तारखा, खाण्याच्या वेळा, शी-शूला कुठल्या पृष्ठभागाची सवय आहे ते आणि मोठ्या कुत्र्याबरोबर ते कसं वागतं ते लिहा. ‘सगळ्या कुत्र्यांशी छान जमतं’ असं लिहू नका. त्याला तुमचं एकच कुत्रं माहीत आहे.

पुढच्या पिल्लाची घाई नको. पिल्लू गेल्यावर काही कुत्री त्याची जागा हुंगत फिरतात, तर काही सैल पडून गाढ झोपतात. दोन्हींतून त्यांना किती ताण होता ते कळतं. भूक, झोप आणि तुमच्याशी वागणं पूर्ववत होऊन किमान दोन आठवडे झाल्याशिवाय नवीन पिल्लू आणू नका. एखादं कुत्रं प्रत्येक पिल्लाच्या वेळी आधीपेक्षा लवकर गुरगुरू लागलं असेल तर मोठी सुट्टी घ्या. आणि गेलेल्या पिल्लाला पार्व्हो झाला असेल तर खोली वर सांगितल्याप्रमाणे ब्लीचने धुतली तरी अंगणाचं काही करता येत नाही. अशा घरात पुढचं वर्षभर लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका. प्रौढ, लसी पूर्ण झालेलं कुत्रं मात्र सांभाळायला घेता येतं.